रूट कॅनॉलनंतरचं दुखणं: काय करता, कुठे चुकतं?

‘माझा दात कसा ठणकला’ हे नको. उपाय, मात्रा आणि चुका तेवढ्या लिहा.

दंतवैद्य, फोंडा
नस काढली तरी दुखतं कसं? दुखतो तो दात नव्हे, मुळाभोवतीचं अस्तर, ज्यानं दात हाडात धरलेला असतो. मुळाच्या टोकापर्यंत फाईल (साफ करायची बारीक सुई) फिरते, हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं धुतात, त्यानं ते सुजतं. म्हणून चावलं की कळ जाते. ठणका दोन-तीन दिवसांत उतरतो, चावतानाचं हुळहुळणं आठवडाभर राहू शकतं. लवंगेचं तेल फुकट: दात वरून बंद, आत काही पोचत नाही, हिरडी मात्र भाजते.

फार्मासिस्ट, म्हापसा
पहिली गोळी बधिरपणा उतरायच्या आधी, कपभर दूध पिऊन घ्या. ठणका चढल्यावर घेतलेली गोळी त्याच्या मागे धावत राहते. मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ, सहा ते आठ तासांनी, डॉक्टरांना न विचारता दिवसात 1200 च्या वर नाही. कॉम्बिफ्लाममध्ये 400 आयबुप्रोफेन आणि 325 पॅरासिटामोल दोन्ही असतात. त्यावर डोलो (तेही पॅरासिटामोलच) घेताना बेरीज करा. घरात उरलेली डायक्लोफेनॅक वा एसिक्लोफेनॅक वर टाकू नका, जात एकच, पोट जळतं. अल्सर, दमा, किडनीचा त्रास, गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामोल. आणि हो, ‘दुखण्यासाठी’ अँटिबायोटिक मागू नका, त्यानं ठणका कमी होत नाही. फेणीचा घोटही नको.

स्वयंपाकघरातून, डिचोली
गाल बधिर असेतो काही चावू नका, गाल चावला जातो नि कळतही नाही. मग उकड्या तांदळाची पेज, शीत बोटानं चुरडलं जाईल इतकी मऊ, कोमट. कडक पाव, चणे, काजू दुसऱ्या बाजूनंही दोन दिवस नकोत. बांगडा चालेल, काटे काढून.

दंतवैद्य, फोंडा
बर्फ रुमालात गुंडाळून गालावरून: 15 मिनिटं ठेवा, 15 मिनिटं काढा, पहिला दिवसभर. रात्री एक उशी जास्त. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या चालतात, जोरानं खळखळवू नका.

दंत सहाय्यक, मडगाव
तोंड मिटताना तोच दात आधी टेकत असेल तर फिलिंग उंच राहिलंय. गोळ्यांनी हे जात नाही. क्लिनिकमध्ये रंगीत कागद चावायला देतात, डाग पडतो तिथं घासतात, पाच मिनिटांचं काम. भूल असताना चावणं नीट कळत नाही, म्हणून पहिल्या दिवशी हे नजरेतून सुटतं.

दंतवैद्य, फोंडा
तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं, गाल सुजला, ताप आला तर त्याच दिवशी फोन. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना अडलं तर रात्र काढू नका, थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) तातडी विभागात.