लिहिताना शब्द अडला की कुठे बघायचं?
या प्रश्नावर कोणीतरी म्हटलंय की मराठीसाठी नेटवर धड शब्दकोश नाहीत, ते काही पटलं नाही. शिकागो विद्यापीठाच्या साईटवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (१८५७ ची आवृत्ती) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही फुकट आहेत, अगदी खजिना आहे हो! मोल्सवर्थमधले अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळे पूर्ण मजकुरात सर्च मारून नुसता इंग्रजी शब्द टाकला तरी विस्मरणात गेलेले एकेक मराठी शब्द समोर येतात, लिहिणाऱ्याला अजून काय पाहिजे. फक्त स्पेलिंग जुनं आहे, 'तळे' नाही सापडलं तर 'तळें' टाकून बघा. माहितीसाठी मराठी विश्वकोश आहेच. विकिपीडियाही वापरा पण तिथेच थांबू नका, खालचे संदर्भ उघडून मूळ लेख वाचाच.