श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्या माणसाला घरून काय कळवायचो?

कृष्णाकाठ:
रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळल्याची बातमी वाचली आणि दिवसभर ते निळं आंतरदेशीय पत्र डोळ्यांपुढून हलेना. 1987 मध्ये भारतानं श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, तेव्हा बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून जाफन्याला गेले. पत्ता मात्र तोच: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मार्फत 56 एपीओ, म्हणजे सैन्याचं टपालघर. आजी सांगायची, मी लिहायची. म्हैस व्याली, रेडी झाली. ऊस कारखान्याला गेला. धाकटीला शाळेत घातली. शेवटची ओळ अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या हातची: "काळजी नसावी."
त्या दिवाळीनंतर अण्णांचा उजवा हात वाऱ्यानं गेला. आजी म्हणाली, "न्हाई कळवायचं. तिकडं पोराच्या पायाखाली सुरुंग, त्यात ह्ये कशाला?" आम्ही दाबून ठेवलं. बाबांचं उलट टपाली आलं, "अण्णांच्या हातची ओळ का नाही?" मग आजीनं अण्णांना भिंतीला टेकवून बसवलं, डाव्या हातात पेन दिलं. "काळजी" एवढंच उमटलं. तसंच पाठवलं.
तुमच्या घरून काय जायचं? लिहा.

माळावरची:
वाचून आवंढा आला गं. आमच्यात धसका तारेचा. तारवाला कुणाच्याही दारात थांबला तरी अख्खी गल्ली गोळा व्हायची. हे त्रिंकोमालीला होते. मुलगी झाली ते सासऱ्यांनी कार्डावर कळवलं, पण डाक कुठंतरी अडकली. यांनी नाव सुचवलेलं पत्र आलं तोवर बारसं होऊन लेक पालथी पडायला लागली होती! अजून तिला घरात दोन नावं आहेत. कुकर झालाय, नंतर लिहिते.

पेन्शनर_फौजी:
मी वावुनियाला होतो, सिग्नलमध्ये. डाक अडकायची कारण रस्ता. आधी रोड ओपनिंगवाले पायी पुढं, सुरुंग बघत बघत. रस्ता मोकळा झाला तरच गाड्या, आणि गाड्यांतूनच डाक. ज्याचं पत्र नाही तो दुसऱ्याचं ऐकत बसायचा.
घरच्यांना वाटतं लपवलेलं कळत नाही. कळतं. सगळं गोड गोड लिहिलं की आमचा जीव जास्त टांगणीला. त्यापेक्षा "विहिरीला पाणी आलं" एवढं वाचलं तरी झोप लागायची. आम्ही पण खरं कुठं लिहायचो? "इकडे सर्व कुशल, जेवण चांगले आहे." शेजारच्या बंकरमधला पोरगा गेला ते लिहायचं कसं?
आमच्या चौकीजवळ एक तमिळ म्हातारी राहायची. डाक वाटायला लागली की कुंपणाशी येऊन उभी. पोरगा घर सोडून गेलेला, तिकडच्या कुठल्या लढणाऱ्या तमिळ गटात ते तिलाही ठाऊक नसावं. आमच्यातला मद्रासी जवान तिच्याशी बोलायचा. तिच्यासाठी पत्र कोण आणणार? ती आठवण घरच्या पत्रांपेक्षा जास्त छळते.

कृष्णाकाठ:
काका, नमस्कार करते तुम्हाला. हे बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही.

सायनकर:
थोडं अवांतर. मेजर रामस्वामी परमेश्वरन आपल्या मुंबईत जन्मलेले, 8 महार पलटणीचे. 25 नोव्हेंबर 1987 ला तिथंच पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. मुंबईत किती पोरांना माहीत आहे? शांतिसेनेचे हजारावर जवान परतले नाहीत. कोलंबोजवळ कोट्टेला स्मारक आहे, त्यावर नावं कोरलेली आहेत. गेल्या सहलीत आमच्या टूरवाल्यानं गाडी थांबवायलाही नकार दिला, आम्ही रिक्षा करून गेलो.

घाटावरचा:
बरं केलंत दादा. कुणी जाणार असेल तर फुलं घेऊन जा.
आमच्याकडे आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या बातम्या लागल्या की आई चुलीतलं लाकूड बाहेर ओढायची, आवाज नको म्हणून. मामा बट्टिकलोआला होता. बातम्या संपल्या की परत फुंकणी.

माळावरची:
आले. फराळ कुणी पाठवायचं का? मी डालड्याच्या डब्यात भरून, वरून मांजरपाट शिवून, लाखेचे ठिपके लावून. चकल्यांचा भुगा व्हायचा, हे म्हणायचे सगळ्यांनी चमच्यानं खाल्ला 😄

पेन्शनर_फौजी:
वहिनी, तो भुगा आम्ही चहात टाकून पण खाल्लाय! शंकरपाळी तेवढी धड पोचायची.

नुकतीच_आलेली:
कृष्णाकाठताई, अण्णांचं पुढं काय झालं? बाबा भेटले का त्यांना?

कृष्णाकाठ:
हो गं. ते डाव्या हाताचं पत्र बाबांनी साहेबांना दाखवलं, रजा मिळाली. अण्णा त्यांना भेटून मग उन्हाळ्यात गेले. बाबा पुन्हा तिकडे गेले ते पलटणीबरोबरच परतले. शेवटची तुकडी मार्च 1990 ला निघाली, बाबा त्याच्या थोडे आधी.

नुकतीच_आलेली:
बरं वाटलं वाचून. माळावरची काकू, टिकणाऱ्या शंकरपाळ्यांचं प्रमाण द्याल? भाऊ सियाचिनच्या बाजूला आहे, पार्सल करायचंय.

माळावरची:
तूप, साखर, दूध एकेक वाटी. उकळून गार कर, मग मावेल तेवढा मैदा. मंद आचेवर तळ. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नको, मऊ पडतात. आणि भावाला सांग, पोचले की लगेच कळव म्हणावं.