शहर झाडणाऱ्याने शहरात राहायचं की नाही?

मुक्काम_पोस्ट

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मुंबई पालिकेची हजेरी चौकी आहे. वर पत्रे, एक खिडकी, आत भिंतीला ओळीने खिळे. साडेसहाची हजेरी. मी दूध आणायला निघतो तेव्हा आमच्याकडचे मुकादम खिळ्याला पिशवी अडकवून चपला काढून गमबूट चढवत असतात. परवा सहज विचारलं, कुठून येता? म्हणाले, टिटवाळा. पावणेचारला उठतो. आणि जोराच्या पावसात? हसले. "अंदाज वाईट असला की आदल्या रात्रीच येऊन मेव्हण्याकडे पडतो. गाड्या बंद पडल्या तर नाल्यावर कोण उभं राहणार?"

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल ठप्प झाल्या. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी १५ जूनला सुरू झाल्या. मधले जवळजवळ तीन महिने ही माणसं बसने, मिळेल तशी येत होती. म्हणजे ज्या दिवशी शहराला यांची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच दिवशी ते शहराबाहेर.

मुंबई महापालिकेत लाखाच्या आसपास कर्मचारी. त्यातले सफाई कामगारच तीस हजारांच्या घरात, आणि त्यांच्यासाठी सेवानिवासस्थानं होती पाच-साडेपाच हजार. पालिकेच्या आश्रय योजनेत या जुन्या वसाहती पाडून तिथे ३०० चौरस फुटांची घरं जास्त संख्येने बांधायचं ठरलं. ते सगळं पूर्ण झालं तरी निम्म्याहून जास्त कामगार बाहेरच राहणार.

माझं मत असं: प्रत्येक वॉर्डात पालिकेने भाड्याची घरं बांधावीत, नोकरीत आहे तोवर द्यावीत आणि निवृत्तीनंतर परत घ्यावीत. मालकी हक्क मात्र देऊ नये. एकदा मालकी दिली की दहा-पंधरा वर्षांत ते घर विकलं जातं आणि पुढचा कामगार पुन्हा टिटवाळ्याहूनच येतो. असं घर बक्षीस म्हणून द्यायचं नाही. रस्त्यावरचा दिव्याचा खांब जसा शहराच्या गरजेचा, तसंच हेही.

मतं येऊ द्या. नेहमीप्रमाणे आरक्षणावर गाडी नेऊ नका, एवढीच विनंती.

आडवा_प्रश्न

असहमत, आणि कडकडून.

पक्की नोकरी, भत्ते, बँक दारात कर्ज घेऊन उभी. वर घरही? आमच्या बिल्डिंगचा वॉचमन नालासोपाऱ्याहून येतो, त्याला बारा तासांची ड्युटी. रुग्णालयातली खासगी नर्स, औषधाच्या दुकानातला पोरगा, रिक्षावाला, हे शहर चालवत नाहीत का? ते कर भरणार आणि त्यातून दुसऱ्याचं घर होणार. भिंतीला खिळे आहेत म्हणून डोळे पाणावले, पण ज्याच्या पिशवीला खिळासुद्धा नाही त्याचं काय?

दुसरं, 'मालकी देऊ नका' हे म्हणायला सोपं. बीडीडी चाळीतल्या पोलिसांचं बघा. ती सरकारी निवासस्थानं होती, निवृत्तीनंतर सोडायची. पुनर्विकास निघाला आणि मागणी सुरू झाली. आधी किंमत ५० लाख ठरली, मग २५ लाख, आणि २०२२ मध्ये १५ लाखांवर आली. वरळीत, नायगावात ५०० चौरस फूट, १५ लाखांत! त्या कुटुंबांना शुभेच्छा, पण तुमची भाड्याची घरंही दोन निवडणुकांत मालकीची होतील, लिहून घ्या.

आणि सैनिकांच्या घरांच्या नावाखाली वरचे लोक काय करतात ते कुलाब्याच्या 'आदर्श' सोसायटीने दाखवलंच. ३१ मजले उभे राहिले, मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली.

मुक्काम_पोस्ट

@आडवा_प्रश्न, वॉचमनचा मुद्दा मान्य. पण वॉचमनलाही मिळत नाही म्हणून झाडूवाल्यालाही नको, हे कसलं गणित? वॉचमनचा मालक सोसायटी आहे, म्हणजे तुम्ही-मी. आधी आपणच त्याला आठ तासांची ड्युटी देऊ.

बीडीडीचं उदाहरण खरं तर माझ्याच बाजूचं आहे. मालकी दिल्यामुळे ती घरं पोलीस दलाच्या हातून गेली. नायगावात उद्या नवा शिपाई लागला तर तो राहणार कुठे?

रुपया_पैसा

घरं बांधायला पालिका गेली की दहा वर्षं टेंडर आणि मग गळती. त्यापेक्षा पैसे हातात द्या.

केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात मोठ्या शहरांचा घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या २४ टक्क्यांपासून सुरू झाला, महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर तो ३० टक्के झाला. घरबांधणी अग्रिम, म्हणजे घरासाठी सरकारकडून मिळणारं कर्ज, महिन्याच्या मूळ वेतनाच्या ३४ पट, कमाल २५ लाख. असंच काहीतरी पालिकेने नीट राबवावं. ज्याला टिटवाळ्यात स्वतःचं घर हवंय तो ते घेईल, ज्याला परळला भाड्याने राहायचंय तो तिथे राहील. तुम्ही-आम्ही कोण ठरवणार?

मुक्काम_पोस्ट

@रुपया_पैसा, करा की हिशोब. मूळ वेतन ३०,००० धरलं तर ३० टक्क्यांनी ९,००० रुपये. एवढ्यात परळला काय मिळतं? डिपॉझिटचं नाव तरी काढता येईल का? म्हणूनच सगळे भत्ता घेऊन टिटवाळा, बदलापूर, विरार गाठतात. आणि पंचेचाळिशीतल्या कामगाराला बँक पंधरा वर्षांचंच कर्ज देते, पगारातून पतपेढीचे हप्ते आधीच कापले जात असतात. ३४ पट काय, ५० पट करा, हप्ता भरायचा कशातून?

म्हाडाची लॉटरी म्हणाल तर मुंबई परिसरात अत्यल्प गटाची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक ६ लाख उत्पन्नाची. महिन्याला ५०,००० च्या पुढे गेलात की अल्प गटात, आणि त्या गटाच्या घराच्या किमती बघून माणूस अर्जच भरत नाही.

तात्पुरता_पत्ता

दोन्ही बाजूंनी 'पक्का' कामगार गृहीत धरलाय. आमच्या रस्त्यावर झाडणारे अर्धे कंत्राटी आहेत. त्यांना ना घरभाडे भत्ता, ना अग्रिम, ना वसाहत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुंबईतले २,७०० कंत्राटी सफाई कामगार कायम झाले, त्याला किती वर्षांची लढाई लागली ते संघटनेवाल्यांना विचारा. घराची चर्चा करायची तर आधी हजेरीपटावर नाव कोणाचं, ते विचारा.

बाकी चालू द्या.

हडसनकाठ

इथे न्यूयॉर्कमध्ये परवडणाऱ्या घरांच्या लॉटरीत ५ टक्के घरांवर शहर सरकारच्या कर्मचाऱ्यांना अग्रक्रम असतो. उत्पन्नाची अट सगळ्यांना सारखी, फक्त रांग वेगळी. घर नोकरीला बांधलेलं नाही, अर्ज करताना नोकरीत असलात की झालं. रांग वर्षानुवर्षांची आहे हेही खरं. आपल्याकडेही म्हाडाच्या लॉटरीत राज्य कर्मचारी, पत्रकार, कलाकार यांचा कोटा आहेच, मग सफाई कामगारांसाठी वेगळा कोटा ठेवायला काय हरकत?

आडवा_प्रश्न

@हडसनकाठ, आणखी एक कोटा. अवघड नाही, लॉटरीच बंद करू, सरळ कोट्याकोट्याने वाटून टाकू.

ओवी_सातवी

गेले चार दिवस धागा वाचतेय. इथे बोलणाऱ्यांपैकी अशा वसाहतीत कोणी वाढलंय असं वाटत नाही, म्हणून लिहिते.

माझे बाबा सफाई कामगार. मुंबई नाही, दुसऱ्या एका शहराची महापालिका. नाव सांगत नाही, कारण बाबा अजून नोकरीत आहेत. आमचं घर म्हणजे एक खोली आणि आतच मोरी. माझा अभ्यास जिन्यात झाला, कारण जिन्यातला दिवा रात्रभर चालू असायचा. घर शहराच्या मध्यावर, शाळा पाच मिनिटांवर. त्या पाच मिनिटांमुळे मी बारावीच्या पुढे गेले. तेव्हा @रुपया_पैसा, जागेची किंमत मला सांगू नका. टिटवाळ्याला असतो तर आईने मला धाकट्यांकडे बघायला घरी ठेवलं असतं.

पण @मुक्काम_पोस्ट, तुम्ही जे 'निवृत्तीनंतर परत घ्यावं' एका ओळीत लिहिलंत ना, ते आमच्याकडे कसं होतं ते ऐका. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगार निवृत्त झाला की वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. वारस नोकरीला लागला तर खोली त्याच्या नावावर होते. नाही लागला तर खोली सोडायची. त्यामुळे आमच्या चाळीत कुणाचा बाप निवृत्तीला आला की घरात एकच विषय. कोण झाडू धरणार?

माझ्या शेजारच्या मुलाने आयटीआय केलं होतं, इलेक्ट्रिशियन. आज तो गाडीवर कचरा भरतो. कुणी जबरदस्ती केली नाही. आई, दोन बहिणी आणि ती खोली, एवढंच.

तुम्ही म्हणता मालकी दिली की घर विकलं जातं. जाऊ दे ना विकलं! तुमच्या आजोबांनी घर विकलं तेव्हा कोणी विचारलं होतं का, आता पुढचा कारकून कुठे राहणार? तुम्हाला घर हवंय रस्ता झाडला जावा म्हणून. आम्हाला घर हवंय पुढच्याने रस्ता झाडू नये म्हणून.

राज्य सरकारची श्रमसाफल्य आवास योजना आहे, डॉ. आंबेडकरांच्या नावाची. २५ वर्षं सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीचं घर. बाबांची २५ वर्षं कधीच उलटली. फाइल आहे.

रुपया_पैसा

ओवीताई, प्रतिसाद दोनदा वाचला. 'पैसे हातात द्या' हे मी खुर्चीत बसून लिहिलं होतं, खरं आहे.

मुक्काम_पोस्ट

@ओवी_सातवी, दिव्याच्या खांबाची उपमा मागे घेतो. खांबाला मुलं नसतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण अडचण सुटलेली नाही. दोन गरजा आहेत: नोकरीत असताना कामाजवळ छप्पर आणि निवृत्तीनंतर कुठेतरी स्वतःचं घर. मी पहिलीच बघितली. दोन्ही एकाच खोलीत भागवायला गेलं की एकतर खोली जाते किंवा मुलगा जातो. मग पगारातून थोडं आणि पालिकेकडून तेवढंच, असं पहिल्या दिवसापासून वेगळं घर-खातं का असू नये? वसाहतीतली खोली सोडताना हातात दुसऱ्या घराची किल्ली असेल. मालकीला माझा विरोध वसाहतीतल्या घरापुरता अजूनही आहे.

आडवा_प्रश्न

मी माझ्या मतावर आहे. करदात्याचा पैसा नोकरीबरोबर घर म्हणून देऊ नये. पण ओवीताईंच्या प्रतिसादातून मला वेगळंच दिसलं. ही सवलत म्हणावी की साखळी? पगार, घर आणि पोराची नोकरी तिन्ही एकाच मालकाच्या हातात. खासगी कंपनीने असं केलं असतं तर आपण वेठबिगारी म्हटलं असतं.

आणि @मुक्काम_पोस्ट, घर-खात्याचे पैसे कोण खाणार, तेही एकदा लिहा. पीएफचे अर्ज कसे फिरतात माहीत आहे.

तात्पुरता_पत्ता

कंत्राटी कामगाराचं खातं कोण उघडणार? विचारून ठेवलंय फक्त.

मुक्काम_पोस्ट

@तात्पुरता_पत्ता, ज्याचा झाडू त्याचं खातं. कंत्राटदार बदलला तरी खातं कामगाराबरोबर जावं. कसं करायचं ते मला आत्ता सांगता येत नाही.

हडसनकाठ

@ओवी_सातवी, तुमच्या घरात आता काय ठरलं? खासगी वाटल्यास उत्तर देऊ नका.

ओवी_सातवी

बाबांचे सात महिने राहिलेत. दादा बी.कॉम. आहे, एका सीएच्या ऑफिसात हिशोब लिहितो, पगार भाड्याला पुरेल इतका नाही. काल आई कपाटातून बाबांचा सेवापुस्तकाचा झेरॉक्स काढून बसली होती. वारसाच्या अर्जाला दोन फोटो लागतात. दादा संध्याकाळी दाढी करून फोटो काढून आला.