मदत हवी आहे: अ‍ॅट्रोपिनच्या शिल्ड प्लॉटचा उतार १ पेक्षा कमी येतोय

गिनीपिगच्या आयलियमवर (लहान आतड्याचा शेवटचा भाग) अ‍ॅसिटिलकोलीनचे (आतडं आकुंचित करणारं चेतासंदेशक रसायन) कॉन्सन्ट्रेशन-रिस्पॉन्स वक्र, म्हणजे किती मात्रेला किती आकुंचन, काढतोय. टायरोड द्रावण, ३७ अंश, १ ग्रॅम ताण, अ‍ॅट्रोपिन (अ‍ॅसिटिलकोलीनचे रिसेप्टर अडवणारं औषध) १, ३, १० आणि ३० नॅनोमोलर, प्रत्येकी ३० मिनिटं आधी. वक्र समांतर उजवीकडे सरकतात, कमाल आकुंचन तेवढंच राहतं. म्हणजे स्पर्धात्मक अवरोधच (दोन्ही एकाच रिसेप्टरसाठी झगडतात) दिसतो. तरीही शिल्ड प्लॉटचा (अ‍ॅट्रोपिनच्या लॉग मात्रेसमोर लॉग (डोस रेशो − १); डोस रेशो म्हणजे तेवढ्याच परिणामाला अ‍ॅसिटिलकोलीन किती पट लागतं) उतार अपेक्षित १ ऐवजी ०.७५ च्या आसपास अडकतो, त्यामुळे अक्षावरचा छेद केबी (अ‍ॅट्रोपिन-रिसेप्टर बंधाचा विघटन स्थिरांक) म्हणून देता येत नाही.

अ‍ॅट्रोपिनला वेळ कमी पडला असता, तर अ‍ॅट्रोपिनच्या कमी मात्रांचा डोस रेशो सर्वांत जास्त घटून उतार उलट वाढला असता. ऊतीची संवेदनशीलता हळूहळू कमी होत असेल तरी मात्रा चढत्या क्रमाने असल्याने तेच. म्हणून संशय कोलिनएस्टरेजवर (अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम) आहे: कमी मात्रेत अ‍ॅसिटिलकोलीनचा मोठा हिस्सा रिसेप्टरपर्यंत पोचण्याआधीच तुटतो, अ‍ॅट्रोपिनमुळे ही मात्रा वाढवावी लागली की एन्झाइम संपृक्त होतं आणि वक्र हवा तेवढा सरकत नाही.

आता कार्बाकोल (या एन्झाइमने न तुटणारं, तसंच काम करणारं रसायन) वापरावं की फायसोस्टिग्मिन (हे एन्झाइम अडवणारं)? दुसऱ्यात ऊतीचं स्वतःचं अ‍ॅसिटिलकोलीन साठून बेसलाइन चढेल ही धास्ती. कार्बाकोल घेतलं तर गँग्लियॉनवरच्या (आतड्यातल्या चेतागाठी) निकोटिनिक परिणामासाठी तो अडवणारं हेक्सामेथोनियम टाकणं गरजेचं आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी मात्रेसकट सांगा.