मदत हवी आहे: आजारी रजेवर असताना मॅनेजर राजीनामा मागतोय

चाकणवाला (९ जुलै २०२४, रात्री १०.४०)
चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत स्टोअरला आहे. एप्रिलपासून घरी. डॉक्टर म्हणतात अजून तीन महिने पडून राहायचं. मॅनेजर एक दिवसाआड फोन करतो, "नाटकं पुरे, राजीनामा मेल कर, नाहीतर काढतोच, मग अनुभवपत्रही मिळणार नाही." काल रजिस्टरनं पत्र आलं, सात दिवसांत हजर व्हा. काढू शकतात का? शुक्रवारी उत्तर द्यायचंय, लवकर सांगा.

बारा_गावचं_पाणी
आजार काय? पर्मनंट की कंत्राटी? पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापतात का? हे न सांगता कोण काय सांगणार?

कोथरूडकर
शॉप अॅक्ट, म्हणजे दुकानं-आस्थापनांचा कायदा, बघा. २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आणि साठवलेल्या ४५ दिवस. बाकी बिनपगारी.

बारा_गावचं_पाणी
अहो, तो कारखान्यात आहे. शॉप अॅक्ट कुठून आणलात?

चाकणवाला
पर्मनंट, सहा वर्षं. आजार मणक्याचा टीबी. पगार सगळा धरून १९ हजार. ईएसआय कापतात, पण मी खासगीत दाखवतोय, ईएसआयला कोण जातं? मूळ प्रश्नाचं सांगा ना.

जुना_युनियनवाला
हाच मूळ प्रश्न आहे दादा. पगार २१ हजारांच्या आत, म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये. आजारपणात ७० टक्के पगार, वर्षाला ९१ दिवस. टीबी लांबच्या आजारांच्या यादीत आहे, त्याला पुढे ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळतं. नोकरी दोन वर्षांची हवी, ती तुमची आहे. आणि १९४८ च्या ईएसआय कायद्याचं कलम ७३: हा लाभ चालू असताना मालक काढू शकत नाही. पण ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. तुमच्याकडे आहे का?

चाकणवाला
नाही. खासगी डॉक्टरचं पत्र मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर टाकलं होतं. निळ्या टिका आल्यात.

कोथरूडकर
अपंग हक्क कायदा २०१६, कलम २०. अपंगत्व आलं तर नोकरी जात नाही. केस ठोका.

वकिलीण
ते कलम सरकारी आस्थापनांना आहे, खासगी कारखान्याला नाही. आणि कलम ७३ वर फार विसंबू नका. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६३ साली सांगितलंय की स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या सेवानियमांप्रमाणे, न कळवता गैरहजर राहून नाव आपोआप कमी झालं, तर ७३ आड येत नाही. ते सात दिवसांचं पत्र त्यासाठीच आहे. म्हणून उत्तर लेखी द्या: अमुक तारखेपासून आजारी, अमुक तारखेला कळवलं, सोबत कागद, रजा वाढवून मिळावी. स्पीड पोस्ट आणि मेल, दोन्ही. पोचपावती जपा.

जुना_युनियनवाला
ताई, म्हणजे मी चुकीचं सांगितलं?

वकिलीण
चुकीचं नाही, अर्धं.

हिरवी_वाट
आमच्या मामांची पाठ एका वैद्यांच्या काढ्यानं तीन आठवड्यांत सरळ झाली. पत्ता हवा तर सांगा.

बारा_गावचं_पाणी
टीबीच्या गोळ्या बंद करायला सांगताय का? कृपा करा.

चाकणवाला
पण माझं पद स्टोअर सुपरवायझर आहे. मॅनेजर म्हणतो तू कामगारच नाहीस, लेबर कोर्टात उभं करणार नाहीत.

वकिलीण
पाटीवर काय लिहिलंय त्यावर ठरत नाही. हाताखाली माणसं आहेत का? रजा मंजूर करता का?

चाकणवाला
माल मोजतो, चलनं लिहितो, फोर्कलिफ्टवाल्याला हाका मारतो. रजा कसली मंजूर करतोय.

वकिलीण
मग तो मुद्दा त्याला खुशाल कोर्टात मांडू द्या. राजीनामा मात्र लिहू नका. स्वतःहून दिलात की मागे काही उरत नाही. आणि यापुढे फोन आला की म्हणा, साहेब, हे मेलवर पाठवा.

जुना_युनियनवाला
उद्याच एमआरआय, खासगी कागद आणि ईएसआय कार्ड घेऊन तुमच्या भागातल्या ईएसआय दवाखान्यात जा. तुम्हाला उठवत नसेल तर आधी भावाला पाठवून काय लागतं ते विचारा. कागद अडले तर चिंचवडला मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल आहे.

चाकणवाला
भाऊ सकाळी जातोय. पत्राचा मसुदा कुणी लिहून देईल का? मराठीत चालेल ना?

कोथरूडकर
पीएफमधून आजारपणासाठी उचलही मिळते, नोकरी न सोडता. फॉर्म ३१.

बारा_गावचं_पाणी
त्याने विचारलं नव्हतं, पण हे एक बरोबर सांगितलंत.

वकिलीण
मराठीत चालेल. रजा सुरू झाल्याची तारीख, डॉक्टरांच्या पत्रातला मजकूर आणि एचआरच्या पत्राचा जावक क्रमांक इथे टाका. कंपनीचं नाव नको.