सोलापुरात सेल्फ-ड्राइव्ह गाडी : पेट्रोलचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,
जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला जातोय. आई-बाबांना घेऊन तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरही करायचंय. ड्रायव्हर नको, परक्या माणसासमोर आईला मनमोकळं भांडता येत नाही. गाडीवाला म्हणतो, ‘फुल टाकीचे पैसे आधी भरा, परत देताना टेन्शन नको.’ भरावेत का?
– होटगी रोडचा, सध्या न्यू जर्सीत

---

भावजी, मुळीच भरू नका. हिशेब करून बघा की. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर ७५ धरा. तिन्ही जाऊन-येऊन सव्वातीनशेच्या आत. लिटरला १८ पडलं तरी १८ लिटर. छोट्या गाडीची टाकी ३५-३७ लिटरची. म्हणजे निम्मं पेट्रोल तुम्ही त्यालाच आहेर करणार! तिकडे अमेरिकेत काउंटरवर प्रीपेड गळ्यात मारतात, तोच प्रकार. उरलेल्याचे पैसे परत मिळत नाहीत.

‘जेवढं होतं तेवढं भरून द्या’ हेच घ्या, पण त्यातही मेख आहे. गेल्या दिवाळीत मी भाड्याने घेतलेल्या गाडीत पेट्रोलच्या काट्यावर पाच कांड्या होत्या. सातरस्त्यावरून विजापूर रोडला घरी पोचेपर्यंत एक गळाली! पाचवी कांडी शेवटच्या घोटावर होती. आठ कांड्यांच्या काट्यात एक कांडी म्हणजे साडेचार लिटर, आणि ती भरलेली आहे की संपत आलीय हे काटा सांगत नाही. मी चारवर परत दिली. एका कांडीचं पेट्रोल आणि वर तीनशे रुपये ‘सर्व्हिस’ कापले. डिपॉझिट त्यांच्याकडे, मग बोलणार काय? आमचे हे म्हणाले, ‘जाऊ दे.’ यांचं नेहमीचंच.

म्हणून सरळ फुल टाकीचीच गाडी मागा आणि फुल करून द्या. दोन्ही वेळा इग्निशन चालू करून काटा आणि किलोमीटर एकाच फोटोत घ्या, आणि तो तिथेच त्याला व्हॉट्सॅपवर टाका. देण्याआधी त्याच्या जवळच्याच पंपावर भरा, शून्य बघून. नोझल पहिल्यांदा कट झालं की बस, पोऱ्या ‘राउंड करू का’ विचारेल, नको म्हणा. पावती ठेवा. आणि पेट्रोल की डिझेल की सीएनजी ते झाकणावर वाचा. सीएनजी असेल तर सीएनजी आणि पेट्रोल, दोन्ही टाक्या किती भरल्यात ते लिहून घ्या.
– विजापूर रोडची वहिनी

---

वहिनी, फुलचंच ठरवलं. त्याला विचारलं, परत देताना टाकी कमी भरली तर पेट्रोलचा दर किती लावता? म्हणाला, ‘गाडी बघून सांगतो.’ मी म्हटलं, आधी मेसेजवर लिहून पाठव. दोन दिवस झाले, निळ्या टिका आहेत, उत्तर नाही. दुसरा गाडीवाला माहीत असेल तर कळवा. परत जाताना शेंगाचटणी किती किलो नेऊ?