३० सप्टेंबरचा पट आणि ऊसतोडीची पोरं

बांधावरून: काल इथं एकानं लिहिलं, "ऊसतोड मजुरांच्या मुलांची रडगाणी पुरे, आकडे बघा. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात, गळती कमी दिसते, विषय संपला." रात्रभर डोक्यात भुणभुण. अहो, यू-डायसचा पट ३० सप्टेंबरचा आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दसरा-दिवाळीला! वऱ्हाड निघायच्या आधी घर मोजायचं आणि म्हणायचं, सगळे घरीच आहेत. मी धारूरकडचा. तिसरी, पाचवी, सहावी, दिवाळी ते पाडवा उसाच्या फडात वाढे बांधत होतो. पटावर मात्र कायम.

तक्तेवाला: रडगाणं हा शब्द मागे. मुद्दा तोच. तुमची कहाणी म्हणजे नमुना एक. हंगामी वसतिगृहामुळे किती पोरं गावात थांबली हे मोजल्याशिवाय पैसे कशावर मागणार?

खडू-फळा: मोजतं कोण? आम्ही शिक्षकच! ४ जुलै २०१५ ला शाळाबाह्य मुलांचा एकदिवसीय सर्वे. बोटाला शाई लावत फिरलो. जुलैत फडात काळं कुत्रं तरी असतं का? वर मतदार याद्या, जनगणना, पोर्टल. आणि पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जातं ते वेगळंच.

बांधावरून: आलं पोटातलं ओठावर! म्हणून आमची नावं पटावर.

खडू-फळा: तोंड सांभाळा. नाव काढलं तर मार्चमध्ये परतलेलं पोरगं जाईल कुठं? दोन पोरी आजीकडे राहाव्यात म्हणून मी टोळीच्या मुकादमाच्या ओट्यावर दिवस काढलाय.

बदलीग्रस्त: संचमान्यतेचं निघालंच आहे तर सांगतो, माझं पद गेलं, समायोजनात दुसरी शाळा मिळाली ७० किलोमीटरवर. त्यावर कुणी धागा काढत नाही.

खडू-फळा: काढा, पहिली सही माझी.

मोजपट्टी: गुरुजी, तो वेगळा काढा. घरोघरच्या सर्वेक्षणातही कुलूप दिसलं की पुढचं घर, म्हणजे नेमकं हेच कुटुंब गळतं. फेब्रुवारीत कारखान्याच्या तळावर कोपी-कोपी, मजुरांची झोपडी न् झोपडी मोजा, तीच पोरं जूनमध्ये गावात शोधा. स्थलांतर करणाऱ्या पोरांना दुसऱ्या शाळेत दाखवायला देतात ती शिक्षण हमी कार्डं किती वाटली ते नको, तिकडच्या शाळेत किती दाखवली ते सांगा.

तक्तेवाला: बरं बाबा, ३० सप्टेंबर ही माझी घोडचूक, घाला हार. फेब्रुवारीत येतो. किती वाजता?

बांधावरून: पहाटे चारला. उशीर केलात तर कोपीवर मोठं माणूस सापडायचं नाही, नुसती पोरं. तीच मोजायचीत म्हणा.